कचरा समितीचा अध्यक्ष

“घेऊन जा परत,” गाडीवरची बाई म्हणाली, आणि ढोमणे सरांचा डबा तिने गाडीत न उलटता रस्त्यावर ठेवून दिला.

सर प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले, आमच्या अनुराग कॉलनीचे अध्यक्ष. आयुष्यात त्यांना कोणी काही परत केलं नसावं. ते बनियनवरच फाटकाबाहेर आले.

“परत म्हणजे?”

“म्हंजे घरी. ओला न् सुका एकातच हाय. साहेबाइनं सांगतलं, मिसळलेला घ्यायचा नाही.”

“तू मला नियम शिकवतेस?”

“मी कायले शिकवू? भोंगा शिकवून राहिला ना.” तिने गाडीवरच्या कर्ण्याकडे बोट केलं. गाणं संपून तिथे आता सूचना चालू होती. “चला वो दादा.” गाडी पुढे गेली.

मी खिडकीशी शिलाई मशीनवर बसले होते. बारावीला दोनदा नापास होऊन मी ब्लाऊज शिवायला लागले होते आणि त्या खिडकीतून कॉलनी मला चित्रपटासारखी दिसायची. त्या सकाळी गल्लीतले निम्मेअधिक डबे परत आले. डॉक्टरांचा आला, वकिलांचा आला, बँकेतल्या मुळावकरांचाही आला. आमचाही आला. आईने चहापत्तीत बिस्किटाचा कागद टाकला होता.

आठवडाभर कॉलनीत दुसरा विषय नव्हता.

“नारळाची करवंटी ओली की सुकी?”

“कांद्याचं फोलपट तर हाताला कोरडं लागतं. मग सुक्यातच जाईल ना?”

“आणि वाळलेली पोळी?”

“आमच्याकडे पोळी वाळेपर्यंत उरत नाही हो, तुमच्याकडेच उरत असेल.”

डायपर आणि त्या दिवसांचे पॅड तिसऱ्या पिशवीत, कागदात गुंडाळून द्यायचे होते. ते वाक्य भोंग्यावर आलं की बायका एकदम पदर सारखा करायच्या आणि पुरुष मोबाइल पाहायचे.

मग नगरपालिकेचा माणूस सांगून गेला. प्रत्येक वसाहतीने एक समिती नेमा. समितीच्या माणसाने सकाळी गाडीसोबत उभं राहून डबे तपासायचे. मिसळलेला कचरा येतच राहिला तर त्या वसाहतीत गाडी येणार नाही.

हनुमान मंदिरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक झाली. बाबा नेहमीसारखे मागे, नळाजवळ उभे होते. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या तरी उभे होते.

आता हे सांगून टाकते. आम्ही बौद्ध. बाबा एसटी डेपोत हेड मेकॅनिक. प्लॉट घेतला तेव्हा ‘वानखडे’ नावावरून कॉलनीने आम्हाला कुणबी समजून घेतलं होतं. वास्तूला सत्यनारायण नाही, त्रिशरण-पंचशील झालं, तेव्हा खरी जात समजली. कोणी काही वाईट बोललं नाही. अशी माणसं बोलत नसतात. फक्त हळदीकुंकवाची बोलावणी आमच्या शेजारच्या फाटकापर्यंत येऊन वळायला लागली. बाबा गणपतीची वर्गणी सगळ्यांआधी द्यायचे. पाणी समितीत नाव द्या म्हणून दोनदा स्वतः जाऊन बोलले होते. “बघू, बघू,” असं उत्तर मिळालं. पंप बिघडला की मात्र रात्री-अपरात्री आमची बेल वाजायची. बाबा पाना घेऊन निघायचे. एसटीचं अख्खं इंजिन उतरवून परत चढवणारा माणूस त्यांना पाणी समितीत नको होता, पंपाखाली हवा होता.

“तर कचरा समितीसाठी नावं सुचवा,” ढोमणे सर म्हणाले.

वकिलांना एकदम खोकला आला. डॉक्टरांना सकाळी ओपीडी होती. मुळावकरांची कंबर धरली होती.

सरांनी मान उंचावून मागे पाहिलं. “आपले वानखडे साहेब आहेत की! अहो, मागे काय उभे राहिलात? या, या, पुढे या.”

साहेब! तोवर ते ‘ते एसटीवाले’ होते.

“मी?” बाबा म्हणाले.

“तुमच्याशिवाय कोण? शिस्तीचा माणूस. आणि तुम्हाला या कामाची...” सर जरा थांबले. “म्हणजे आमच्यापेक्षा तुम्हाला त्यातलं जास्त कळेल.”

टाळ्या पडल्या. इतक्या पटापट, जणू सगळे हात आधीपासून तयार ठेवून बसले होते. मंदिरातली शाल आली, नारळ आला. “करवंटी सुक्यात टाका बरं का, वानखडे साहेब!” असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाही हसले. त्यांना पहिल्या रांगेत, सरांशेजारी खुर्ची मिळाली. शाल खांद्यावरून घसरत होती आणि ते ती पुन्हा पुन्हा सावरत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी आईने नारळ हातात घेतला आणि शाल घेतली नाही.

“काहून हो म्हटलं तुमी?”

“अध्यक्ष केलं त्याईनं मले.”

“कशाचे?”

मी बोलले. “पाणी समितीवर वकील. गणपतीवर डॉक्टर. बगिच्यावर मुळावकर काका. आणि कचऱ्यावर तुम्ही. काहून बाबा?”

“सकाळी मी मोकळा असतो. माही ड्युटी दुपारची हाय.”

“ढोमणे सर तर दिवसभर मोकळे असतात.”

“तू गप राय विशू. प्रत्येक गोष्टीत तुले जातच दिसते.”

“त्यांना दिसली म्हणून मला दिसली.”

आमच्या घराण्यात कोणी झाडू मारला नव्हता. आणि मारला असता तरी त्यात आमची मान खाली जायचं कारण नव्हतं, ज्यांनी घाण केली त्यांची जायला हवी. आमच्या वाट्याला गावातली मेलेली ढोरं ओढणं होतं. आजोबांनी ते सोडलं, तेव्हा गावाने त्यांचं किराणा-पाणी बंद केलं. ही गोष्ट मला बाबांनीच सांगितलेली, अभिमानाने, अनेकदा. पण कॉलनीला एवढा बारीक फरक कशाला हवा होता? खालचे ते खालचे. घाण निघाली की यांना बोलवा.

बाबांनी काम मात्र डेपोतल्यासारखं अंगावर घेतलं. नगरपालिकेचं माहितीपत्रक मला मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, “म्हंजे हात लावून पाहाचं नाही. मातीत टाकलं तर कुजते का, एवढं पाहाचं. कुजते ते ओलं. वाळली भाकर बी ओली, अन् भिजलेलं प्लास्टिक बी सुकं. एवढं सोपं हाय तर लोक काहून भांडून राहिले?”

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीसोबत चालू लागले. प्रत्येक फाटकापाशी थांबायचे. “नमस्कार मॅडम. दाखवा. हां, अंड्याचं टरफल ओल्यात. थर्मास फुटला का? काच वेगळी, कागदात बांधून द्या, बाईचा हात कापंल.” लोक ऐकायचे. ओल्यात प्लास्टिक दिसलं, की मात्र लोक डबा पुढे धरून नुसते उभे राहायचे. मग बाबा हात घालायचे आणि पिशवी काढून सुक्यात टाकायचे. “धन्यवाद, वानखडे साहेब.” पुढे ‘धन्यवाद, वानखडे.’ पुढे काहीच नाही.

मी हे खिडकीतून बघायचे आणि माझी टीप वाकडी जायची.

थंडी पडता पडता आमच्या फाटकाला पिशव्या लटकू लागल्या. सुरुवातीला एखादी. “वानखडे, आम्ही नागपूरला निघालो, एवढं बघून घ्या.” मग न सांगता. गाडी सकाळी पूजेच्या वेळेला यायची, आणि आंघोळ करून सोवळ्यात बसलेल्या बाईने कचऱ्याला हात कसा लावायचा, हा कॉलनीपुढचा मोठा प्रश्न होता. त्याचं उत्तर आमचं फाटक.

एकदा मुळावकर काकू आल्या. फाटकाच्या आत त्या कधी येत नसत, बाहेरूनच हाक मारायच्या.

“विशाखा, हा ब्लाऊजपीस घे. गळा मागून थोडा खोल. आणि ही पिशवी बाबांना दे.”

दोन्ही एकाच हातात होतं.

“काकू, गाडी येईलच आता. बाबा गल्लीच्या टोकाशीच आहेत.”

“अगं, माझी आंघोळ झालीये. देवाचं राहिलंय अजून.”

“आमच्याही आंघोळी झाल्यात.”

त्या अगदी प्रेमाने हसल्या. तो प्रेमळपणा खरा होता, हेच तर वाईट. “तुमचं काय गं, तुम्हाला चालतं.”

मी ब्लाऊजपीस घेतला. पिशवी घेतली नाही. त्यांनी ती फाटकाच्या कडीला अडकवली आणि वळल्या.

त्याच दिवशी मी मागच्या दारी दोऱ्याचे तुकडे झटकायला गेले, तर धुण्याच्या दगडाजवळ बाबा उकिडवे बसलेले. डेपोतले ग्रीसचे हातमोजे घातलेले. समोर त्या सगळ्या पिशव्या उघडलेल्या. भात, केस, औषधाची पाकिटं, कोंबडीची हाडं. सोमवारी मंदिरात उपवासाच्या गप्पा मारणाऱ्यांची हाडं. बाबा एक एक वेगळं करत होते. त्यांच्या हातात एक पॅड होतं, कागदात न गुंडाळलेलं, आणि ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखे ते त्याच्याकडे पाहत होते.

“बाबा!”

ते दचकले. “तू कायले आली इकडे?”

“हे रोज करता तुम्ही?”

“गाडीवाली नाही घेत मंग. गाडी बंद झाली तर म्हणतीन, वानखड्याले जमलं नाही.”

“म्हणू द्या!”

“तुले सोपं हाय बोलाले.”

“तुम्हाला कळत नाही का बाबा, त्यांनी तुम्हाला कशासाठी...”

“मले कळत नाही?” ते एवढ्या मोठ्याने बोलले, की भिंतीवरचं मांजर पळालं. “ज्या घडी टाळ्या वाजल्या त्याच घडी कळलं मले. मी काय लहान लेकरू हाय? नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, पाह्य, याईले नुसत्या सवलती पाह्यजे, काम नाही पाह्यजे. हो म्हटलं तर हे.” त्यांनी समोरच्या ढिगाकडे हात केला. “दोन्हीकून मारच हाय. म्हटलं आतून मार खाऊ. खुर्चीवर बसून. निदान नावानं तं हाक मारतीन.”

मागे आई येऊन उभी होती. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातलं ते पॅड घेतलं, कागदात गुंडाळलं, मग त्यांच्या हातातला एक हातमोजा ओढून काढला. मग दुसरा.

“मामंजीनं ढोर ओढनं सोडलं तवा तुमी किती वर्षांचे होते?” तिने विचारलं.

“पोटात होतो मायच्या.”

“उपाशी पोटात.”

एवढंच. ती आत निघून गेली. बाबा बराच वेळ नळाखाली हात धरून बसले. साबण लावायचे, धुवायचे, वास घ्यायचे, परत लावायचे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं, आता राजीनामा देतील.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पुन्हा पिशव्या होत्या. बाबा अंगणात अंधारातच उठून बसले होते. कोणती कोणी अडकवली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, सगळ्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन. मी मागोमाग गेले.

ढोमणे सरांची बेल वाजवली.

“सर, ही तुमची.”

“अहो, राहू द्या ना वानखडे. तुम्ही बघताच की ते.”

“गाडी आली की तुमी स्वतः आणून द्या. वेगळा करून. नियम हाय.”

“कुठला नियम?”

“कचरा ज्याचा त्यानं द्यायचा.”

“असं पत्रकात कुठे लिहिलंय?”

“माह्या समितीचा नियम हाय,” बाबा म्हणाले. “मी अध्यक्ष आहो ना?”

पिशवी पायरीवर ठेवली आणि पुढच्या घराकडे वळले. मुळावकर काकूंनी दार उघडलं नाही, खिडकीतूनच म्हणाल्या, “मी पूजेत आहे.” बाबा म्हणाले, “होऊ द्या आरामात. पिशवी इथंच हाय.” गाडीवाल्या बाईला त्यांनी सांगितलं, “माह्या फाटकावरचं काही घ्यायचं नाही. माहा डबा मी हातात देईन, तेवढाच घ्यायचा.” तिने खांदे उडवले. “मले काय, तुमी म्हणान तसं.”

आठवडाभर कॉलनी सडली. आणि मग ती बोलायला लागली. “माजलेत.” “डोक्यावर बसवलं की हेच होतं.” मला शिवायला आलेले ब्लाऊज न शिवताच परत मागवले गेले. मुळावकर काकूंचा झालेला होता. त्यांनी मुलाला पाठवलं, शिलाईसुद्धा दिली नाही. बाबा रोज सकाळी गाडीसोबत चालत राहिले, डबे बघत राहिले. प्लास्टिक दिसलं की म्हणायचे, “काढा.” आणि हात मागे बांधून उभे राहायचे. ज्याने काढलं नाही, त्याचा डबा परत.

मग बैठक. शेड पहिल्यांदा एवढं भरलेलं. बायकाही आल्या होत्या, मागच्या बाजूला. बाबा पुढे जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. कोणी बस म्हटलं नव्हतं.

“तक्रारी आहेत,” ढोमणे सर म्हणाले. “तुमची वागणूक उद्धट झाली आहे, वानखडे. सर्वांचं मत आहे की अध्यक्ष बदलावा.”

“बदला.”

होकार एवढ्या लवकर मिळेल अशी सरांची अपेक्षा नसावी. “म्हणजे तुम्ही तयार आहात?”

“आत्ता सोडतो. नवा निवडा. मी टाळ्या वाजवतो.”

त्यांनी खरंच दोन्ही हात टाळीसाठी समोर धरले आणि सगळ्यांकडे पाहिलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वकील मोबाइलमध्ये गेले. डॉक्टर चपलेचा पट्टा सारखा करू लागले. मुळावकर काका कंबरेला हात लावून छताकडे बघत होते. एवढी शिकलेली माणसं, कोणाचं नाव सुचवायलाही कोणी तोंड उघडेना. कारण ज्याचं नाव सुचवावं तो उद्या आपल्याला विचारणार होता, मला तू काय समजलास?

वकिलांनीच वाट काढली. “आपण पगारी बाई ठेवू. वानखडे, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर...”

“हाय ना.”

“कोण?”

“माह्या ओळखीत ढोमणे सर हायेत.”

मागे एक बाई फिस्सकन हसली आणि तिने तोंड दाबून धरलं. सरांचा चेहरा काळवंडला. “हा अपमान आहे!”

“कसा काय सर?” बाबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “मले केलं तवा तो मान होता. शाल दिली होती तुमी. मंग तुमच्यासाठी अपमान कसा होते?”

सर समोरचे कागद गोळा करू लागले.

“पाळी लावा मंग,” बाबा म्हणाले. “एकेक आठवडा एकेक घर. घर नंबर एकपासून.”

घर नंबर एक ढोमणे सरांचं. कोणी हो म्हणेना, नाहीही म्हणेना. तेव्हा जी बाई हसली होती तीच मागून बोलली, डॉक्टरांकडची भाडेकरू. “लावा ना पाळी. डबे तसेही आम्हीच भरतो, आम्हीच वेगळे करतो. सोसायटीतले पुरुष नुसतं भांडतात.” दोन-तीन बायका हो म्हणाल्या. मग आणखी. सरांनी बैठक संपल्याचं सांगितलं, आणि पाळीचं काय झालं ते सांगितलंच नाही. पण ठरायचं ते ठरलं होतं.

सोमवारी गाडी आली. मी मशीन सोडून दारात आले. सर गच्चीवर पेपर उघडून बसलेले. फाटकातून बाहेर आल्या सरांच्या बायको, शाळेतून निवृत्त झालेल्या ढोमणे मॅडम. आंघोळ झालेली, केस ओले, पदर खोचलेला, तोंड घट्ट मिटलेलं. अध्यक्ष ते, आणि उभी राहिली ती. मला तिची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. ती प्रत्येक फाटकाशी थांबत होती, लांबूनच डब्यात पाहत होती आणि मान हलवत होती.

आई आमचा डबा उचलायला गेली. “ठेव,” बाबा म्हणाले. “मी जातो.”

मॅडम आमच्या फाटकाशी आल्या. बाबांनी डबा दोन्ही हातांनी पुढे धरला.

“राहू द्या भाऊ. तुमचं बरोबरच असेल.”

“नाही मॅडम. पाहून घ्या.”

त्यांनी मान पुढे केली. मग थांबल्या. “यात... पिशवी आहे. दुधाची.”

“हाय का?” बाबा म्हणाले.

भाज्यांच्या देठांत आणि चहापत्तीत दुधाच्या पिशवीचं निळं टोक वर आलेलं होतं. मॅडम बाबांकडे पाहू लागल्या. बाबांचे दोन्ही हात डब्याच्या कडांना होते. ते हलले नाहीत. गाडीवाली थांबली. भोंग्यावर गाणं चालू होतं. डॉक्टरांकडची भाडेकरू, मुळावकर काकू, वकिलांची सून, आपापले डबे घेऊन सगळ्या बघत होत्या. गच्चीवरचा पेपर खाली आला होता.

मॅडमनी एकदा वर पाहिलं, नवऱ्याकडे. पेपर पुन्हा वर गेला.

मग त्यांनी बांगड्या मागे सारल्या, हात घातला आणि ती पिशवी ओढून काढली. चहापत्ती त्यांच्या मनगटाला लागली. पिशवी सुक्यात टाकली. “आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, शाळेत वही तपासून देताना असावा तसा. पुढच्या फाटकाकडे गेल्या.

बाबांनी डबा गाडीत उलटा केला, झटकला, आणि आत आले.

आई स्वयंपाकघरात उभी होती. “दुधाची पिशवी ओल्यात कशी गेली? म्या तं काल सगळ्या धुऊन तारेवर लटकवल्या होत्या.”

बाबा पाटावर बसले.

“बरं, हात धुवा. चहा देते.”

“कायले धुवू?” बाबा म्हणाले. “माह्या हाताले काय लागलं?”